जुन्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन गरम झाल्यावरच मिसिंग होते; कारण कोणत्या क्रमाने शोधावे?

घाटवाट (सातारा)

आमच्या घरी १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. इंजिन मूळचेच, १०८९ सीसीचे आणि चार सिलिंडरचे आहे. पॉइंट (ठिणगीसाठी प्रवाह तोडणारी संपर्कजोडी) व कंडेन्सर असलेला डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणारा भाग), एकच कार्बोरेटर आणि इंजिनवर बसवलेला यांत्रिक पेट्रोल पंप, हे सगळे गाडी घेतली तेव्हा होते तसेच आजही आहे. गाडी शोभेसाठी ठेवलेली नाही; सातारा, वाई आणि पुण्याच्या कामांसाठी ती नियमित रस्त्यावर असते, आणि ती अशीच चालत राहावी अशी मनापासून इच्छा आहे.

तक्रार मिसिंगची, म्हणजे मधूनमधून एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन न पेटण्याची आहे. सकाळी चोक ओढून सेल्फ मारला की इंजिन लगेच सुरू होते आणि पहिले काही किलोमीटर अगदी एकसारखे चालते. तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येऊन स्थिरावला, की आयडलिंगला इंजिन ठरावीक तालात थरथरू लागते आणि सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला तर मधूनमधून एक झोत चुकल्यासारखा लागतो. खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या गियरमध्ये पूर्वीची ओढ मिळत नाही. मात्र सपाट रस्त्यावर ताशी साठच्या आसपास वेग धरला की दोष जवळजवळ जाणवत नाही, आणि गाडी तासभर उभी राहून थंड झाली की पुन्हा काही काळ सगळे सुरळीत चालते.

आतापर्यंत गॅरेजमध्ये चारही प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटरची कॅप, रोटर आणि पॉइंट नवीन टाकून झाले आहेत. कार्बोरेटर पूर्ण उघडून स्वच्छ केला आहे आणि त्याचे वॉशर व गॅस्केट बदलले आहेत. एवढे करूनही फरक पडलेला नाही. आता कॉइल (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारा भाग) बदलून पाहू, आणि तरीही जमले नाही तर दुसरा कार्बोरेटर बसवू, असे सांगण्यात येत आहे. जुन्या गाडीचे मूळ भाग काढून टाकण्याआधी घरच्या घरी किंवा साध्या गॅरेजमध्ये करता येतील अशा कोणत्या तपासण्या, आणि कोणत्या क्रमाने कराव्यात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

---

यंत्रशिक्षक (सांगली)

तुम्ही लक्षणे नेमकी लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम अनेक वर्षे शिकवला. मिसिंगच्या बाबतीत मुलांना मी सर्वांत आधी एकच प्रश्न विचारायला लावत असे: एकच सिलिंडर चुकतो आहे, की चारही सिलिंडर आळीपाळीने चुकत आहेत? या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत कोणताही भाग विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण सांगतो. कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, रोटर, पेट्रोल पंप आणि कार्बोरेटर हे भाग चारही सिलिंडरांचे सामाईक आहेत. त्यांच्यापैकी एखादा बिघडला तर दोष सहसा सगळीकडे वाटला जातो. मिसिंग अनियमित होते, कधी हा सिलिंडर चुकतो तर कधी तो. याउलट प्लग, त्याची वायर, कॅपमधील त्याचा संपर्कबिंदू, त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह, रिंगा आणि हेड गॅस्केटचा तेवढा भाग हे त्या त्या सिलिंडरचे स्वतःचे असतात, आणि त्यांतील दोष ठरावीक तालात, प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी दिसतो. तुम्ही 'ठरावीक तालात थरथरते' असे लिहिले आहे. माझ्या मते तुमच्या संपूर्ण प्रश्नातील सर्वांत मोलाचे शब्द तेच आहेत, आणि त्यांच्यामुळे माझा संशय कॉइल व कार्बोरेटर या दोघांवरूनही बराच दूर जातो.

आता हे पडताळून पाहा. गाडी चालवून आणा, म्हणजे दोष दिसत असतानाच तपासणी होईल. थंड इंजिनवर केलेली तपासणी तुमच्या बाबतीत निरुपयोगी आहे. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा आणि तिचे टोक एका तारेने इंजिनच्या धातूला जोडून ठेवा. वायर नुसती लोंबकळत ठेवू नका, कारण ठिणगीला जायला वाट मिळाली नाही तर कॉइलच्या आतील इन्सुलेशनवर ताण येतो, आणि चालू इंजिनवर वायर हाताने ओढण्याची पद्धत तर धोक्याचीच आहे. मग इंजिन सुरू करून आयडलिंग ऐका. चांगला सिलिंडर बंद केला की वेग लगेच खाली येतो आणि थरथर वाढते. आधीपासूनच काम न करणारा सिलिंडर बंद केला तर काहीही फरक पडत नाही. असे चारही सिलिंडर एकेक करून पाहा. वायरी परत लावताना फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे, हे ध्यानात असू द्या.

दोषी सिलिंडर सापडला, की त्याचा प्लग आणि वायर शेजारच्या सिलिंडरशी अदलाबदल करून पाहा. दोष प्लगबरोबर किंवा वायरीबरोबर सरकला तर काम तिथेच संपते. नवीन टाकलेला प्लगही सदोष निघू शकतो. दोष त्याच सिलिंडरवर राहिला तर गरम इंजिनवरच कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. त्यासाठी बॅटरी पूर्ण चार्ज असावी, चारही प्लग काढलेले असावेत, कॉइलचा प्राथमिक जोड सोडवलेला असावा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा आणि प्रत्येक सिलिंडरला सेल्फचे तेवढेच फेरे द्यावेत. अ‍ॅक्सिलरेटर न दाबता घेतलेले आकडे कमी येतात आणि विनाकारण घाबरवतात.

---

ठिणगी (पुणे)

यंत्रशिक्षकांच्या क्रमाशी मी सहमत आहे. पण 'गरम झाल्यावरच' या लक्षणाकडे पाहून कंडेन्सर वगळू नये, असे मला वाटते. तुमच्या यादीत पॉइंट बदलल्याचा उल्लेख आहे, कंडेन्सरचा नाही. कंडेन्सर थंड असताना नीट काम करतो आणि तापल्यावर त्याची आतील गळती वाढते, ही जुन्या गाड्यांतील नेहमीची गोष्ट आहे. पॉइंट उघडताना त्यांच्यामध्ये निळसर बारीक ठिणगीऐवजी मोठी पिवळट ठिणगी दिसत असेल, किंवा नवीन पॉइंटही थोड्याच काळात काळे पडून त्यांवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा तयार झाला असेल, तर कंडेन्सर संशयास्पद समजावा. त्याची किंमत इतकी कमी आहे की एक चांगला जुना कंडेन्सर गाडीत ठेवलेला बरा. अलीकडे मिळणाऱ्या काही नव्या कंडेन्सरांपेक्षा जुने अधिक टिकतात, असा माझा अनुभव आहे.

कॉइलविषयी म्हणाल तर ती बदलण्याऐवजी मोजता येते. बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलचा प्रवाह मर्यादित करणारा रोध) नसलेल्या बारा व्होल्टच्या साध्या कॉइलचा प्राथमिक रोध तीन ओहमच्या आसपास असतो. तो थंड असताना आणि गाडी चालवून आल्यावर लगेच असा दोनदा मोजावा. तांब्याचा रोध उष्णतेने थोडा वाढणारच, पण आकडा एकदम उडी मारत असेल किंवा काटा अस्थिर राहत असेल तर आतील जोड सैल झाला आहे, असे समजायला हरकत नाही.

याहून खात्रीची एक सोपी तपासणी आहे. गॅरेजमधील टायमिंग लाइटचा (वायरीतून ठिणगी गेली की लुकलुकणाऱ्या दिव्याचा) चिमटा इंजिन गरम असताना आणि मिसिंग चालू असताना एकेका प्लगच्या वायरीवर लावून पाहा. प्रकाश सर्व वायरींवर एकसारखा, न चुकता लुकलुकत असेल तर ठिणगीची विद्युत यंत्रणा प्लगपर्यंत आपले काम करत आहे. एखाद्या वायरीवर लुकलुक अडखळत असेल तर दोष तिच्या मागे आहे. आणखी एक तपासणी सुचवतो: डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून पाहा. बुश झिजून शाफ्ट डुलत असेल तर पॉइंटचे अंतर प्रत्येक कॅमवर वेगळे पडते, आणि मग सामाईक भागातला दोषही एकाच सिलिंडरवर उमटू शकतो.

---

इंधनवेध (नाशिक)

सध्या पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. १९८८ची गाडी त्यासाठी बनलेलीच नव्हती. मिसिंगचे कारण तेच असावे, असे कोणी का म्हणत नाही? माझ्या जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आतून मऊ पडून सुटू लागल्या होत्या.

---

यंत्रशिक्षक (सांगली)

इंधनवेध यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, फक्त तो या दोषाला कितपत लागू पडतो ते पाहायला हवे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. वीस टक्के इथेनॉल मिसळले की हे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. कार्बोरेटरचा जेट मात्र पूर्वीच्याच पेट्रोलसाठी घडवलेला असतो, त्यामुळे मिश्रण आपोआप पातळ होते. पातळ मिश्रणाचे परिणाम चारही सिलिंडरांवर दिसतात, आणि ते बहुधा थंड इंजिनवर अधिक जाणवतात, कारण थंड मॅनिफोल्डमध्ये इंधनाची वाफ नीट होत नाही. आपल्या प्रश्नकर्त्यांची गाडी थंड असताना उत्तम चालते. म्हणजे इंधन हे मुख्य कारण असण्याची शक्यता कमी आहे. गरमीत यांत्रिक पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होऊन अडथळा आला, तर तोही चारही सिलिंडरांना एकदम उपाशी ठेवतो. गाडी धक्के देते आणि बंद पडते, एकाच तालात थरथरत राहत नाही.

तरीही रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि फ्लोटची सुई यांची पाहणी अवश्य करावी. इथेनॉल पाणी शोषून घेते, त्यामुळे पावसाळ्यात टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी आठवडेच्या आठवडे उभी करू नये.

---

घाटवाट (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. सांगितलेल्या क्रमाने तपासण्या पूर्ण केल्या. निकाल असे आहेत.

गरम इंजिनवर पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरची वायर काढली की आयडलिंग स्पष्टपणे घसरते. तिसऱ्याची काढली तर जवळजवळ काहीच होत नाही. पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या प्लगांची व वायरींची अदलाबदल केली, तरी दोष तिसऱ्यावरच राहिला. टायमिंग लाइट तिसऱ्याच्या वायरीवर लावला असता प्रकाश अखंड, एकसारखा लुकलुकतो. डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टला जाणवण्याजोगा डोल नाही. कंडेन्सरही बदलून पाहिला; फरक नाही.

गरम इंजिनवरील कॉम्प्रेशन (दर चौरस इंचाला) पौंडात असे आले: पहिला ११८, दुसरा ११५, तिसरा ६८, चौथा ११७. दुसऱ्या दिवशी पूर्ण थंड इंजिनवर तिसऱ्याचे पुन्हा मोजले, तेव्हा ते ९८ भरले. हा फरक इतका मोठा कसा, हे समजत नाही. गॅरेजमध्ये आता 'रिंगा गेल्या, इंजिन खाली उतरवावे लागेल' असे म्हणत आहेत.

---

यंत्रशिक्षक (सांगली)

इंजिन खाली उतरवू नका. तुमच्या आकड्यांनी बहुतेक उत्तर दिलेच आहे.

प्रथम बाकीच्या तीन सिलिंडरांविषयी. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण आठ टक्क्यांनी कमी असतो, म्हणून कॉम्प्रेशनचे आकडेही तेवढे खाली येतात. हे लक्षात घेता ११५ ते ११८ हे आकडे या वयाच्या इंजिनसाठी समाधानकारक आहेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते एकमेकांच्या जवळ आहेत.

आता तिसरा. रिंगा झिजल्या असत्या तर गरम आणि थंड आकड्यांत असा फरक सहसा उलट दिशेने दिसला असता, कारण तापल्यावर पिस्टन फुगतो आणि रिंगांची बैठक सुधारते. गरम झाल्यावर दाब इतका घसरतो, याचे सरळ स्पष्टीकरण असे की तापल्यावर एखादा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी तापून लांब होते. त्या वाढीसाठीच टॅपेटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबून उघडणारा रॉकर यांच्यामध्ये, थोडे अंतर ठेवलेले असते. ते अंतर संपलेले असेल तर थंड असताना व्हॉल्व्ह कसाबसा सीटवर (हेडमधील ज्या कड्यावर बसून तो तोंड बंद करतो त्यावर) टेकतो, पण गरम झाल्यावर रॉकर त्याला केसभर उघडाच धरून ठेवतो. आयडलिंगला एकेक फेरा सावकाश होतो, त्यामुळे त्या फटीतून मिश्रण निसटायला भरपूर वेळ मिळतो आणि सिलिंडर चुकतो. वेग वाढला की निसटायला वेळ उरत नाही, म्हणून ताशी साठला दोष जाणवत नाही. चढावर मात्र प्रत्येक सिलिंडरची पूर्ण ताकद लागते, तिथे उणीव उघडी पडते. तुम्ही पहिल्या दिवशी लिहिलेली तीनही लक्षणे या एका कारणात बसतात.

खात्रीसाठी दोन गोष्टी करा. तिसऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि कॉम्प्रेशन पुन्हा मोजा. रिंगा दोषी असतील तर ऑइलने फट भरून आकडा बराच वर जातो. व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट दोषी असेल तर तो जवळजवळ तिथेच राहतो. त्यानंतर तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, गाडी गियरमध्ये घालून आणि हँडब्रेक ओढून, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि ऐका. हवा सायलेन्सरमधून सुसू आवाज करत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरमधून येत असेल तर इनलेट व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून येत असेल तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसत असतील तर हेड गॅस्केट. गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मधोमध जळाले असते तर सहसा शेजारच्या दोन्ही सिलिंडरांचे आकडे पडले असते. तुमच्याकडे एकच पडला आहे.

शेवटी टॅपेट कव्हर उघडून, थंड इंजिनवर, फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या मापाने) आठही अंतरे मोजा आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाशी ताडून पाहा. आठही लिहून ठेवा, फक्त तिसऱ्याची नव्हे.

---

घाटवाट (सातारा)

ऑइल सोडल्यावर तिसऱ्याचे कॉम्प्रेशन ६८ वरून ७२ झाले, इतकेच. हवेचा आवाज स्पष्टपणे सायलेन्सरमधून आला. टॅपेट उघडले तेव्हा तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर फीलर गेजचे सर्वांत पातळ पातेही आत जाईना. बाकीच्या तीन एक्झॉस्ट व्हॉल्व्हची अंतरेही मापापेक्षा कमीच होती, इनलेटची मात्र जवळजवळ बरोबर निघाली.

सर्व अंतरे मापात बसवली. त्याच दिवशी गाडी तापवून पाहिली, तर आयडलिंग एकसारखे झाले आणि तिसऱ्याचे गरम कॉम्प्रेशन १०५ भरले. खंबाटकीलाही जुनी ओढ परत आली. पण महिन्याभराच्या वापरानंतर तीच थरथर थोड्या प्रमाणात पुन्हा जाणवू लागली आहे, आणि मोजल्यावर तिसऱ्याचे अंतर पुन्हा कमी झालेले आढळले. लॉकनट घट्ट आहे, स्क्रू फिरलेला नाही. अंतर आपोआप कमी कसे होते?

---

यंत्रशिक्षक (सांगली)

स्क्रू फिरला नाही आणि अंतर कमी झाले, याचा अर्थ व्हॉल्व्ह स्वतःच हेडमध्ये वर सरकतो आहे, म्हणजे त्याची सीट झिजून खोल जात आहे. इतर भाग झिजले तर टॅपेटचे अंतर वाढते आणि कटकट ऐकू येते. सीट झिजली तर ते कमी होते आणि काहीच ऐकू येत नाही. म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे लपून राहतो आणि शांत टॅपेट ही चांगली खूण समजली जाते. जुन्या गाडीचे टॅपेट किंचित वाजत असतील तर मला उलट बरे वाटते.

यामागे एक जुने कारणही आहे. तुमची गाडी ज्या काळात बनली तेव्हा पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळलेले असे. जळल्यानंतर त्याचा पातळ थर एक्झॉस्ट सीटवर बसत असे आणि व्हॉल्व्हची तप्त कड सीटच्या धातूला चिकटून त्याचे कण ओढून काढण्यापासून वाचवत असे. चार महानगरांत १९९५पासून शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २०००पासून देशभर तेच विकले जाऊ लागले. आरोग्याच्या दृष्टीने तो निर्णय अत्यंत आवश्यक होता. मऊ सीट असलेल्या इंजिनांचे संरक्षण मात्र त्याबरोबर गेले. सर्वच एक्झॉस्ट अंतरे कमी आणि इनलेटची बरोबर, हे तुमचे निरीक्षण याच दिशेने बोट दाखवते, कारण इनलेटच्या सीटला ताज्या मिश्रणाचा गारवा मिळतो. तिसऱ्याची सीट सर्वांत पुढे गेली आहे, आणि इतके दिवस ज्वाळा निसटत राहिल्याने तिथला व्हॉल्व्हही कडेने जळलेला असण्याची शक्यता आहे. टॅपेट पुन्हा पुन्हा बसवून गाडी चालवता येईल, पण खरा उपाय हेड उतरवून नव्या कठीण सीट बसवणे हाच आहे. इंजिनचा खालचा भाग उघडण्याची गरज नाही.

---

पंचगंगा (कोल्हापूर)

हेडचे काम करून घेणार असाल तर काही गोष्टी सांगतो. आमच्याकडे उद्यमनगरात शेतीच्या ऑइल इंजिनांमुळे सीट बसवण्याचे आणि कापण्याचे काम करणारे जुने कारागीर आहेत, आणि मी त्या कामांच्या शेजारीच वाढलो आहे.

हेड अ‍ॅल्युमिनियमचे असल्यामुळे ते तापवून आणि सीट गार करून बसवावी लागते. नुसती ठोकून बसवलेली सीट इंजिन तापल्यावर सैल होऊ शकते. शिसेविरहित पेट्रोलला चालणाऱ्या कठीण मिश्रधातूची सीट मागा. सीट कापण्याआधी व्हॉल्व्हचे गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यातून सरकते त्या नळ्या) तपासून घ्या, कारण सीट कापणारे हत्यार गाइडमध्येच केंद्रित होते. झिजलेल्या गाइडवर कापलेली सीट कधीच मध्यावर येत नाही. क्रम उलटा झाला तर सगळे काम वाया जाते, म्हणून हे कारागिराला आधीच विचारा. व्हॉल्व्ह घासून झाल्यावर हेड उलटे ठेवून कंबशन चेंबरमध्ये रॉकेल किंवा पेट्रोल ओतायला सांगा. थोडा वेळ थांबूनही पोर्टमध्ये ओल उतरली नाही तरच हेड ताब्यात घ्या. हेडचा पृष्ठभाग सरळ पट्टीने आणि फीलर गेजने तपासला जाईल हेही पाहा.

बसवताना गॅस्केट नवेच घ्या, पुशरॉड ज्या त्या जागी परत जातील अशी व्यवस्था करा आणि हेडचे नट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळा. इंजिन एकदा पूर्ण तापून थंड झाले की नट पुस्तिकेप्रमाणे पुन्हा तपासा, आणि टॅपेट त्यानंतरच बसवा. नट आवळल्यावर अंतरे बदलतात.

---

घाटवाट (सातारा)

हेड उतरवले. तिसऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेला एका बाजूने जळून खाच पडलेली आहे आणि त्याची सीट शेजारच्या सीटपेक्षा डोळ्यांना दिसेल इतकी खोल गेली आहे. गॅस्केट शाबूत आहे आणि सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे नाहीत. चारही एक्झॉस्ट सीट आणि व्हॉल्व्ह बदलण्यासाठी हेड कोल्हापूरला पाठवत आहे. कॉइल आणि कार्बोरेटर मूळचेच राहतील.

पंचगंगा, इनलेटच्या सीटही याच वेळी बदलाव्यात, की नुसत्या कापून घेतल्या तरी चालतील?

---

पंचगंगा (कोल्हापूर)

अंतरे बरोबर होती, त्यामुळे कापून आणि घासून घेतल्या तरी पुरे. मात्र गाइड आठही तपासा. आणि हेड परत बसल्यावर पहिल्या हजार किलोमीटरनंतर आठही टॅपेट थंड इंजिनवर मोजून आकडे इथे लिहा. एक्झॉस्टची अंतरे जागची हलली नसतील, तर सीट नीट बसल्या आहेत.